चर्चच्या आवारातला युद्धस्मारकाचा क्रॉस धुवायचा का? आधी नावं वाचा, पाण्याचं नंतर बघू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हॅम्पशायरमधल्या एका छोट्या गावात राहता, तिथल्या चर्चच्या आवारात पहिल्या महायुद्धाचा दगडी क्रॉस आहे, खालच्या चौथऱ्यावर एकोणीस नावं कोरलेली आहेत, दगड काळा-हिरवा पडलाय आणि निम्मी नावं धड वाचता येत नाहीत. एक नाव तर पूर्णच गेल्यासारखं दिसतं. रिमेम्बरन्स संडे, म्हणजे नोव्हेंबरमधला युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचा रविवार, तीन आठवड्यांवर आलाय, स्वयंसेवकांच्या बैठकीत तुम्ही "मी करते" म्हणालात, घरी अंगण धुवायचा प्रेशर वॉशर आहे, तो चालेल का आणि नंतर अक्षरांत काळा रंग भरला तर चालेल का. आणि शेवटच्या ओळीत हळूच विचारलंय की आपण बाहेरून आलेली माणसं, आपण हात लावलेला गावाला रुचेल का. त्या शेवटच्या ओळीवरही बोलणार आहे.

मी गेली बावीस वर्षं इंग्लंडच्या दक्षिण भागात जुन्या दगडी कामाची दुरुस्ती करतो, चर्च, थडगी, आवाराच्या भिंती आणि असे क्रॉस तर कितीतरी. सरळ उत्तर आधी देतो: प्रेशर वॉशर अजिबात नको, आणि या तीन आठवड्यांत तर दगड धुवूच नका, कशानेच. पण म्हणजे काहीच करू नका असं नाही, करण्यासारखं पुष्कळ आहे.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. क्रॉस घाण दिसतो हे एक, आणि नावं वाचता येत नाहीत हे दुसरं. लोक या दोन गोष्टी एकच समजतात आणि तिथेच घोटाळा होतो. दगड पांढरा झाला की नावं दिसतील असं वाटतं, पण बऱ्याचदा उलटंच होतं, दगड पांढरा होतो आणि नावं जातात.

हे स्मारक मुळात कशासाठी आहे ते बघा. ब्रिटिशांनी १९१५ मध्ये ठरवलं की रणांगणावर मेलेल्यांचे देह घरी आणायचे नाहीत, श्रीमंताचा असो की शेतमजुराचा, जिथे पडला तिथेच किंवा जवळच्या कबरस्तानात पुरायचा. कित्येकांचा तर देह सापडलाच नाही. म्हणजे गावातल्या आईबापांना कबर नाही, फ्रान्सला जायची ऐपत नाही, मग १९१९ ते १९२२ च्या सुमारास गावोगावी वर्गणी काढून हे क्रॉस उभे राहिले. त्यांच्यासाठी हात लावायला, फुलं ठेवायला हे एवढंच होतं, दगडात कोरलेलं पोराचं नाव. म्हणून मी कुठल्याही स्मारकाकडे गेलो की दगड किती काळा आहे ते नंतर बघतो, आधी अक्षरांच्या कडा बघतो.

आता अक्षर टिकतं कसं ते सांगतो. पाथरवटाने छिन्नीने खाच पाडलेली असते, दोन उतार मध्ये भेटतात, वरून बघितलं तर बारीक दरीसारखं. खोली काही मिलिमीटरच. आपल्याला ते अक्षर दिसतं ते सावलीमुळे, एका उतारावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली. कड धारदार आहे तोवर सावली स्पष्ट पडते, कड गोल झाली की सावली पसरट होते आणि अक्षर "गेलं" असं वाटतं, खाच शिल्लक असली तरी. प्रेशर वॉशरचं पाणी पहिल्यांदा नेमकी ही कड खातं. शिवाय चुनखडीच्या दगडाचा वरचा पापुद्रा शंभर वर्षांत जसा घडलेला असतो तो एकदा उडाला की आतला मऊ दगड उघडा पडतो, पाणी सांध्यांतून आत घुसतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारठ्यात ते पाणी गोठून फुगतं, तेव्हा दगडाच्या खपल्या निघतात. तीन आठवड्यांत धुवू नका म्हणालो त्याचं कारण हेच, ओल्या दगडावर थंडी पडायला नको. धुणं करायचंच असेल तर एप्रिल ते सप्टेंबर.

हे मी पाठांतर केलेलं सांगत नाहीये. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, शेजारच्या एका गावात लोकांनी अगदी प्रेमाने, एका शनिवारी दुपारी आख्खा क्रॉस प्रेशरने धुतला. संध्याकाळी तो नवाकोरा दिसत होता, सगळे खूश. दोन हिवाळ्यांनंतर मला बोलावलं, हात फिरवला तर बोटांना साखरेसारखा भुगा लागला. हिरवं शेवाळ आधीपेक्षा जास्त आलं होतं कारण खरबरीत झालेला दगड पाणी जास्त धरतो. आणि पाऊस मारणाऱ्या बाजूची चार नावं अशी गेली की पुन्हा कोरण्याशिवाय मार्ग उरला नाही. तिथे एक आजी होत्या, त्यांच्या काकांचं नाव त्या चारांत होतं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

पुढचं सगळं तुमचा दगड कुठला आहे त्यावर अवलंबून आहे, आणि ते फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. तुमच्या भागात बहुतेक पोर्टलंड असतो, डॉर्सेटमधून येणारा फिकट चुनखडीचा दगड, पण बाथचा पिवळसर मऊ दगडही असतो, तो तर नखानेही ओरखडेल. कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट असेल तर चमचमणारे कण दिसतील, तो खूप सोसतो. नावं संगमरवरावर असतील आणि अक्षरं काळी-करडी, दगडाच्या पातळीत असतील तर ती शिशाची आहेत, बारीक भोकं पाडून त्यात शिसं ठोकून बसवलेलं असतं, आणि त्यावर पाण्याचा जोर मारला तर अक्षरच निखळून हातात येतं.

डागांचंही तसंच. पोर्टलंडवर पाऊस थेट पडतो तिथे तो आपोआप पांढरा राहतो आणि कठड्याखाली, कोनाड्यात, पाऊस न लागणाऱ्या जागी काळा थर जमतो. तो नुसता धूर नाही, हवेतलं गंधकाचं आम्ल दगडावर बसून जिप्समचा कडक थर झालेला असतो आणि काजळी त्यात अडकलेली असते. तो घासून काढायच्या भानगडीत पडू नका, खालचा दगडही त्याच्याबरोबर निघतो, ते काम शिकलेल्या माणसाचं. हिरवं म्हणजे शेवाळ, उत्तरेकडच्या बाजूला आणि झाडाखाली, ते दिसायला वाईट पण मऊ असतं. आणि ते करडे-पिवळे-नारिंगी गोल चट्टे, ते म्हणजे लायकेन, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाच्या जातकुळीतलं. ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं, कधी त्याहून कमी, म्हणजे तुमच्या क्रॉसवरचा मोठा चट्टा कदाचित त्या क्रॉसच्याच वयाचा असेल. ब्रिटनमधल्या लायकेनच्या साधारण २,००० जातींपैकी ७०० हून जास्त चर्चच्या आवारांत सापडल्यात, काही तर फार दुर्मीळ. नावावर बसलेलं नसेल तर त्याला राहू द्या. नावावर असेल तरी नखाने खरवडू नका, त्याचे धागे दगडात शिरलेले असतात, ओढलं की दगडाचे कण घेऊन येतं.

परवानगीचं बोलतो, कारण इथे चांगली माणसं अडचणीत येतात. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारातली जागा असली की तिथला दगड कोणाच्या मनावर नसतो. त्यांची स्वतःची परवानगीची पद्धत आहे, तिला फॅकल्टी म्हणतात. डायोसीज म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश, त्याचा चान्सलर म्हणजे एक प्रकारे न्यायाधीशच, तो ती देतो, आणि त्याला सल्ला द्यायला समिती असते. काही किरकोळ कामं आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री) लेखी होकारावर होतात, तुमचं काम कशात बसतं हे तेच सांगतील, म्हणून व्हिकर (गावच्या चर्चचा पाद्री) किंवा चर्चवॉर्डनला (चर्चची व्यवस्था बघणारा गावकरी) आजच एक मेल टाकायला सांगा. कौन्सिलकडे जाऊन फायदा नाही असं नाही, १९२३ च्या कायद्याने त्यांना स्मारकांवर खर्च करायचा अधिकार दिलाय, पण तो अधिकार आहे, सक्ती नाही. आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन हे बघत नाही, त्यांच्याकडे कबरी आणि बेपत्तांची मोठी स्मारकं, गावचा क्रॉस गावाचाच. वॉर मेमोरियल्स ट्रस्ट म्हणून धर्मादाय संस्था आहे १९९७ पासूनची, ते फुकट सल्ला देतात आणि दुरुस्तीला अनुदानही देतात, फक्त एक लक्षात ठेवा, काम आधी सुरू केलं आणि नंतर अर्ज केला तर पैसे मिळत नाहीत. मी दोन गावांना असं हात चोळत बसलेलं बघितलंय.

मग या तीन आठवड्यांत काय करायचं. पहिल्यांदा चारही बाजूंचे फोटो काढा, जवळून, प्रत्येक नावाचा वेगळा. मग चौथऱ्याला टेकून वाढलेलं गवत हाताने काढा, स्ट्रिमर, म्हणजे फिरत्या दोरीने गवत कापायचं यंत्र, जवळ नेऊ नका, त्याची दोरी दगडाच्या खालच्या कडेला दरवर्षी थोडी थोडी कुरतडते, मी बघितलेल्या निम्म्याहून जास्त क्रॉसवर ती जखम आहे. तणनाशक मारू नका, त्यातले क्षार दगड शोषून घेतो. गेल्या वर्षी वाहिलेल्या पॉपीच्या, म्हणजे लाल नकली फुलांच्या, माळा उचला, त्यांच्या तारा गंजून दगडावर लाल ओघळ सोडतात. पालापाचोळा मऊ झाडूने, कोरडा. वरून य्यूच्या झाडाचं पाणी ठिबकत असेल तर लिहून ठेवा, पण फांदी छाटू नका, त्यालाही विचारावं लागतं. एवढं केलं तरी लांबून क्रॉस जपलेला वाटेल, खरंच.

पुढच्या उन्हाळ्यात परवानगी आली की दगड ठणठणीत आहे याची खात्री करून, म्हणजे बोटाच्या पेराने हलकं टकटक करून पोकळ आवाज येत नाही ना, भुगा लागत नाही ना ते बघून, नुसतं स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, बस. साबण नाही, ब्लीच तर नाहीच, व्हिनेगर नाही (चुनखडीच्या दगडावर आम्ल म्हणजे दगडच विरघळवणं), तारेचा ब्रश नाही कारण त्याचे लोखंडी कण आत राहून गंजतात. अक्षरातलं शेवाळ लाकडी टूथपिकने काढायचं. जास्त घट्ट घाण असेल तर कमी दाबाच्या, साधारण दीडशे अंशाच्या वाफेने काम करणारे लोक आहेत, पण ते कारागिराचं काम. सांधे उघडे असतील तर चुन्याने भरायचे, सिमेंटने नाही. सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी बाहेर पडू देत नाही, मग सांधा शाबूत राहतो आणि दगड फुटतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ते न वाचता येणारं नाव. यासाठी दगडाला हातसुद्धा लावायचा नाही. अंधार पडल्यावर चांगला टॉर्च घ्या आणि समोरून नाही, अगदी बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाईल असा उजेड टाका. मघाशी सावलीचं सांगितलं ना, तेच. दुपारी पुसट दिसणारं अक्षर अचानक उठून येतं, पहिल्यांदा बघाल तेव्हा अंगावर काटा येईल. एकाच बाजूने मात्र थांबू नका, उभी रेघ बाजूच्या उजेडात दिसते आणि आडवी रेघ वरच्या किंवा खालच्या, म्हणून चारही दिशांनी उजेड टाकून फोन स्टँडवर ठेवून फोटो घ्या आणि घरी बसून एकमेकांशी ताडून बघा. खडू घासणं, पीठ फासणं, शेव्हिंग फोम, हे उपाय कोणी सुचवले तर नम्रपणे नाही म्हणा.

तरीही अर्धंच दिसलं तर डोकं चालवा. नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने असतील तर गेलेलं नाव वरच्या आणि खालच्या नावाच्या मधलंच असणार, आणि शेजारच्या ओळींवरून अक्षरं किती असतील तेही मोजता येतं. मग चर्चच्या आत बघा, बऱ्याच ठिकाणी तीच यादी आत पितळी पाटीवर किंवा फ्रेममध्ये असते आणि लोक बाहेर झगडत बसतात. ग्रेव्हज कमिशनची यादी ऑनलाइन फुकट आहे, तिथे काही नोंदींत आईवडिलांचं गाव दिलेलं असतं. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या स्मारक नोंदवहीत तुमचा क्रॉस आहे का ते बघा, कोणीतरी वीस-तीस वर्षांपूर्वी, नाव शाबूत असताना, यादी उतरवून ठेवली असेल. आणि विंचेस्टरला काउंटीचं दफ्तर आहे तिथे जा, तुमचं गाव विंचेस्टर डायोसीजमध्ये असेल तर त्यांचे जुने कागद तिथेच आहेत, कारण १९२० सालीसुद्धा क्रॉस उभारायला हीच फॅकल्टी लागत होती. त्या अर्जाबरोबर कधी कधी नकाशा आणि नावांची यादी जोडलेली असते. माझ्या हाती एकदा असा कागद आला, पाथरवटाने अक्षराचा नमुना पेन्सिलने काढलेला. तुम्हालाही मिळो.

एखाद्याची लष्करी नोंद सापडली नाही तर निराश होऊ नका, पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या साधारण ६० टक्के फायली सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये जळाल्या. आणि गावातला एखादा मेलेला मुलगा यादीत नाहीच असं आढळलं तर घाईने नाव वाढवायला सांगू नका. कोणाची नावं घालायची हे त्या वेळी गावाच्या कमिटीने घरच्यांना विचारून ठरवलं होतं, एखाद्या आईने अजून येईल या आशेवर नाही म्हटलं असेल, एखाद्याचं नाव शेजारच्या गावात असेल. जाता जाता, तुमच्या क्रॉसवर १९१४-१९१९ लिहिलंय ती पाथरवटाची चूक नाही. ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या, पण व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा, काही गावांनी तो शेवट धरला.

रंगाचं म्हणाल तर, मूळ अक्षरांत रंग होता का हे आधी शोधा, खाचेच्या तळाशी जुन्या काळ्या रंगाचे ठिपके सापडतात. होता तर परवानगी घेऊन, अक्षर रंगवणाऱ्या कारागिराकडून. नव्हता तर नको, सच्छिद्र दगडात रंग पसरतो आणि फाटल्यासारखा दिसतो. आपल्याकडे देवळाबाहेरच्या वीरगळांना ऑइलपेंट फासतात तेव्हा घोड्याचा लगामही दिसेनासा होतो, ते तुम्ही बघितलं असेलच. पुन्हा कोरणं हा अगदी शेवटचा उपाय, कारण त्यात आजूबाजूचा दगड थोडा कमी होतोच आणि मूळ पाथरवटाचा हात कायमचा जातो. मी बऱ्याच गावांना सांगतो की चर्चमध्ये यादीची नवीन पाटी लावा आणि बाहेरचा दगड शांतपणे म्हातारा होऊ द्या.

आणि तुमची ती शेवटची ओळ, आपण बाहेरचे. ताई, तुमच्या क्रॉसवर हॅम्पशायर रेजिमेंटची चौथी बटालियन असं काही दिसतं का बघा. ऑक्टोबर १९१४ मध्ये वेसेक्स डिव्हिजन जहाजाने हिंदुस्थानात पाठवली, त्यात हॅम्पशायर, सॉमरसेट, डेव्हन, विल्टशायरच्या गावांतली पोरं होती, शेतावर काम करणारी. त्यातली काही आपल्याकडेच आजाराने गेली. पुण्यात खडकीला जे स्मारक आहे त्यावर पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून जास्त जणांची नावं आहेत, भारतात ठिकठिकाणी पुरलेले, ज्यांच्या कबरी कायम राखणं शक्य नव्हतं असे. हॅम्पशायरच्या चौथ्या बटालियनच्या पहिल्या तुकडीतले काही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले, आणि त्याच वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनच्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सगळे एकत्र शरण गेले, एकत्र उपाशी होते, एकत्र कैदेत चालत नेले गेले. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून जास्त लोकांची नोंद आहे, त्यात तुमच्या गावच्या पोराचं नाव कोरलेलं असू शकतं, पण आपल्या शिपायांची नावं तिथे दगडावर नाहीत, पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातल्या, त्या युद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण अशीच आकड्याने सांगितली जाते. आपल्याकडे गावोगावी त्या काळच्या संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत, बस एवढंच. नाव एकही नाही. मी लहानपणी अशी पाटी रोज बघायचो, तिच्यावर हात फिरवला तर बोटांना फक्त आकडा लागायचा. म्हणून इथल्या गावात एकोणीस नावं पूर्ण कोरलेली बघितली की मला ती वाचता आली पाहिजेत असं फार मनापासून वाटतं. गावातल्या लोकांना हे सांगा, खडकीचं सांगा, कूतचं सांगा. मी ज्या ज्या गावात सांगितलंय तिथे कोणी मला बाहेरचा म्हटलं नाही, उलट चहाला बसवून घरातले फोटो काढून दाखवले.

तर आज व्हिकरला मेल, या शनिवारी गवत आणि माळा, आणि अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा, सोबत कोणीतरी न्या कारण आवारातली जमीन उंचसखल असते. त्या न दिसणाऱ्या नावाचे चारही बाजूंच्या उजेडातले फोटो इथे टाका. वरचं आणि खालचं नाव फ्रेममध्ये येऊ द्या, मी अक्षरं मोजून बघतो.